वर्ल्ड कप २०२६ : पेठेतली गल्ली आणि दुकानं, तयारी नेमकी कुठून सुरू करायची?

तिकटीवरचा

नमस्कार मंडळी. ११ जून ते १९ जुलै फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे. कोल्हापुरात त्याचं काय होतं ते सांगायला नको. आमची गल्ली मंगळवार पेठेत. तालमीचा हॉल ४० बाय ६० फुटांचा. गल्लीत चौदा दुकानं : दोन चहाच्या गाड्या, एक मिसळ, बेकरी, स्पोर्ट्सचं दुकान, किराणा, मोबाईल वगैरे.

पोरांचं म्हणणं, गल्लीच्या तोंडाला एलईडी वॉल लावायची, मेस्सीचा वीस फुटी कटआउट उभा करायचा आणि साउंड लावायचा. दुकानदारांचं म्हणणं, महिनाभर रात्री जागून हातात काय पडणार? दोन्ही बाजूंना पटेल असं काहीतरी ठरवायचंय. वर्गणी मर्यादित आहे. परवानग्या, वीज, पाऊस, माल, जे माहीत असेल ते आकड्यांसकट सांगा. ‘नाद खुळा’ एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते आमच्याकडे भरपूर आहे.

परवाना_खिडकी

आधी वेळापत्रक भिंतीवर लावा, तेही भारतीय वेळेत. न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे. सामने १०४ असले तरी पेठेला खरा रस तीन संघांत. त्यांचे गटातले सामने असे :

अर्जेंटिना : १७ जून सकाळी ६.३० (अल्जीरिया), २२ जून रात्री १०.३० (ऑस्ट्रिया), २८ जून सकाळी ७.३० (जॉर्डन).
ब्राझील : १४ जून पहाटे ३.३० (मोरोक्को), २० जून सकाळी सहा-साडेसहा (हैती), २५ जून पहाटे ३.३० (स्कॉटलंड).
पोर्तुगाल : १७ आणि २३ जून रात्री १०.३०, २८ जून पहाटे ५.०० (कोलंबिया).

सेमी फायनल १५ आणि १६ जुलैला रात्री १२.३०. फायनल २० जुलै, सोमवार, रात्री १२.३०, म्हणजे रविवारची रात्र.

हे नीट वाचलं की निम्मे वाद मिटतात. यातला एकही सामना संध्याकाळी नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सण-उत्सवांसाठी वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण फुटबॉल त्यात बसवायच्या फंदात पडू नका, आणि बसवलं तरी फायनल सुरूच १२.३० ला होते. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे चौकातली वॉल मुकी ठेवावी लागणार. मुक्या वॉलवर फायनल बघणार का?

वाट एकच, बंदिस्त जागा. सभागृह, कार्यालय अशा बंद जागेत आतल्यांना ऐकू जाण्यापुरता आवाज रात्रीही चालतो. अर्थात बाहेर किती जातो ते मोजलं जाणारच. म्हणून हॉल तुमचाच वापरा, पण दोन गोष्टी आधी बघा.

पहिली, मोहरम. यंदा १७ जूनच्या आसपास सुरू होतो, चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे. तुमच्या तालमीत पंजे बसत असतील तर खत्तलरात्र (मोहरमची जागराची रात्र) होऊन विसर्जन होईपर्यंत हॉल मिळणार नाही, आणि मागूही नये. गटातले बहुतेक सामने नेमके त्याच दिवसांत आहेत. तेवढ्यापुरतं जवळचं मंगल कार्यालय बघा. १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, लग्नं नाहीत, कार्यालयं रिकामी. मालकाशी बोलणी त्या काळात करा, भाव उतरतो. त्यानंतर पुन्हा मुहूर्त सुरू, तेव्हा रात्रीचे आणि पहाटेचे तास मागा. वऱ्हाड दहापर्यंत पांगतं, १०.३० चा सामना बसतो.

दुसरी, जुलैसाठी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडचं कार्यालय स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२१ साली २३ जुलैच्या सुमाराला तिथं महापुराचं पाणी होतं.

तिकीट लावायचं नाही, प्रायोजकाचा बॅनर पडद्याशेजारी लावायचा नाही. तिकीट किंवा प्रायोजक आला की तो व्यावसायिक सार्वजनिक खेळ होतो आणि त्याला फिफाचा वेगळा परवाना लागतो. घरगुती ॲपचं सबस्क्रिप्शन सार्वजनिक प्रक्षेपणासाठी नसतं, म्हणून फुकट दाखवणार असलात तरी प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीकडून आणि तुमच्या केबलवाल्याकडून लेखी होकार घेऊन ठेवा. जुना राजवाडा पोलीस ठाण्यात अर्ज देताना सगळ्या सामन्यांची यादी एकदाच द्या : तारीख, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार पाच जणांची नावं आणि फोन. प्रत्येक सामन्याला नवा अर्ज घेऊन गेलात तर तिसऱ्या अर्जाला तेही वैतागतात.

साडेतीन_फेज

वरचं सगळं बरोबर. एलईडी वॉलचा विषय मी पैशाच्या बाजूने संपवतो.

वॉल उजेडात दिसावी म्हणून असते. तुमचे सामने रात्री किंवा बंद हॉलमध्ये. तिथं प्रोजेक्टर पुरतो. पडदा १५० इंची घ्या, म्हणजे रुंदी साधारण ११ फूट, उंची ६ फूट. खालची कड जमिनीपासून ५ फुटांवर, नाहीतर पुढच्यांची डोकी गोलपोस्टमध्ये दिसतात. याचा अर्थ छत १२ फुटांच्या वर हवं, ते आधी मोजा. साध्या लेन्सचा प्रोजेक्टर पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर, म्हणजे सोळा-सतरा फुटांवर येतो. छताला टांगा, टेबलावर ठेवलात की कोणीतरी आडवं जाणारच.

उजेड ३५०० ते ४००० एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या मानकाने मोजलेला. ऑनलाइन ‘१०००० लुमेन’ लिहिलेले पाच-सहा हजारांचे डबे मिळतात, त्यांच्या पाटीवर एएनएसआय शब्दच नसतो. हिरवं मैदान त्यावर शेवाळासारखं दिसतं. सकाळच्या सामन्याला खिडक्यांना काळं कापड लागेल, मांडववाल्याकडून भाड्याने घ्या.

६० फूट खोल हॉलमध्ये मागच्या वीस फुटांतल्यांना स्कोअरसुद्धा दिसत नाही. तिथं ५५ इंची दोन टीव्ही दोन्ही भिंतींना लावा, पण त्याच सेटटॉप बॉक्सवरून स्प्लिटरने. एचडीएमआयची वायर १० मीटरच्या पुढे दगा देते, चित्र लुकलुकतं किंवा जातं. लांबच्या टीव्हीला कॅट-६ केबल आणि दोन्ही टोकांना एक्स्टेंडर.

आता चित्र आणायचं कुठून? इथं लोक हमखास फसतात. डिशवर जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो, आणि हा जून-जुलै आहे. मोबाईल ॲपवर चित्र केबलपेक्षा २० ते ४० सेकंद मागे असतं. शेजारच्या गल्लीत केबल आणि तुमच्याकडे ॲप असेल तर गोल आधी कानावर येतो, मग पडद्यावर. म्हणून मुख्य जोड केबलची. फायबरवरचं ॲप दुसऱ्या इनपुटला तयार ठेवा, पण सुरू सामन्यात वरचेवर बदलू नका. रिमोट एकाच माणसाच्या हातात. गल्लीतल्या दुकानांनाही केबलच लावायला सांगा.

वीज. प्रोजेक्टर ४०० वॅट, दोन १२ इंची स्पीकर, बॉक्स, राउटर मिळून ८०० वॅट धरा. पंखे आणि दिवे धरले तर २ किलोवॅट. जनरेटरचा मोह टाळा, रात्री दोन वाजता त्याच्याच आवाजाची तक्रार होईल. २ केव्हीएचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांवर फक्त ते ८०० वॅट टाका, अडीच तास निघतात. पंखे गेले तर जाऊ देत. इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडवर लाइट जाताना क्षणभर खंड पडतो आणि सेटटॉप बॉक्स पुन्हा सुरू होतो, त्यात दोन-चार मिनिटं जातात. बाद फेरीत एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरून तीन तास लागू शकतात, तेव्हा बॅटऱ्या सामन्याआधी पूर्ण भरलेल्या पाहिजेत.

बोर्डाला ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि टेस्टचं बटण दाबून बघा. पावसात भिजलेल्या पोरांनी हात लावलेला प्रत्येक लोखंडी खांब अर्थ केलेला असावा. बाहेरून येणारी वायर खिडकीतून घेताना बाहेर खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळातूनच गळतं, बोर्डात येत नाही. जोड जमिनीवर नको, आणि नुसती काळी टेप म्हणजे जोड नव्हे.

टेकू

कटआउटबद्दल. ८ बाय २० फुटी म्हणजे जवळपास १५ चौरस मीटर. ताशी ५४ किलोमीटर वारा सुटला तर त्यावर सपाट बाजूने साधारण २०० किलोचा ढकल येतो, आणि तो पायाशी नाही, दहा फुटांवर. वारा ७२ झाला की तोच ३६०-३७० किलो होतो. वेग थोडा वाढला की जोर त्याच्या कितीतरी पट वाढतो, हे पोरांना नीट सांगा. पावसाळी वळवात हे वारे विशेष नाहीत.

चार बांबू आणि सुतळीवर तो उभा करायचा असेल तर नका करू. १० फुटांवर या, लोखंडी चौकट, मागे दोन तिरके टेकू, पायाला वाळूची पोती, आणि चेहरा-जर्सी सोडून बाकीच्या फ्लेक्सला हवा जायला अर्धगोल चिरा. नाहीतर जाळीचा फ्लेक्स घ्या, रंग थोडा फिका येतो पण वारा आरपार जातो. महापालिकेची परवानगी काढा आणि परवानगीचा क्रमांक, मुदत फलकावरच छापा. मुदत संपेल त्या दिवशी उतरवायची जबाबदारी कोणाची हेही आजच लिहून ठेवा. वर्ल्ड कप संपल्यावर गणपतीपर्यंत लोंबकळणारे हात-पाय पेठेनं पुष्कळ बघितलेत.

पताका आणि झेंडे आडवे बांधताना मधला झोळ धरून रस्त्यापासून १८ फूट मोकळे राहिले पाहिजेत, अग्निशमनाची गाडी जायला. महावितरणच्या तारांपासून निदान अडीच मीटर लांब. कोरडं कापड तारेला लागलं तर काही होत नाही असं वाटतं, पण ओलं कापड करंट खाली आणतं. विजेच्या खांबाला तर बांधूच नका. साटीनचा झेंडा पहिल्या पावसात रंग सोडतो. पॉलिस्टर घ्या, कडा दुमडून शिवलेल्या.

तिकटीवरचा

वॉल रद्द, कटआउट १० फुटांवर आला. पोरं रुसलीत पण यूपीएस मोडचं वाचून दोघं इन्व्हर्टर बघायला गेले. पंजे आमच्याकडे बसतात, तेव्हा कार्यालयाचं बघतोय. आता दुकानांचं बोला. रात्रभर उघडं ठेवणं कायद्यात बसतं का, आणि परवडतं का?

परवाना_खिडकी

कायद्यात बसतं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली दुकानं, हॉटेलं चोवीस तास चालू ठेवता येतात, शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. दारू देणारी ठिकाणं त्यात नाहीत. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावीच लागते. परवडायचं दुकानदारांनी सांगावं.

कटवाली

परवडत नाही. रात्रभर नको, सामना संपतो तो अर्धा तास पकडा.

मिसळीला तर सोन्याचे दिवस आहेत. १७ जूनला अर्जेंटिनाचा सामना ६.३० ला सुरू होऊन साधारण ८.३० ला सुटतो. ८.३० ते ८.५५ एवढ्यात दीडशे माणसं दारात. २८ जून रविवार आहे, त्या दिवशी पोर्तुगाल ५ ला, ७ च्या सुमाराला सुटणार, अर्जेंटिना ७.३० ला. म्हणजे एक लाट ७ ला, दुसरी ९.३० ला. आणि १२ जुलै डोक्यात ठेवा, तोही रविवार. अर्जेंटिना आणि पोर्तुगाल दोघे आपापल्या गटात पहिले आले आणि पुढचे दोन-दोन सामने जिंकले तर क्वार्टर फायनलला एकमेकांसमोर येतात, सकाळी ६.३० ला. मेस्सी-रोनाल्डो आणि मिसळ. त्या दिवसासाठी भांडी आधीच सांगून ठेवा.

१०० प्लेटचं माप : कोरडी मटकी ५ किलो (मोड आल्यावर दुपटीच्या वर भरते, प्लेटला १०० ग्रॅम उसळ), शेव-चिवडा ६ ते ७ किलो, कट २५ लिटर, कारण आपल्याकडे कट परत मागतातच. ब्रेडच्या स्लाइस ३००. कांदा ४ किलो, लिंबं ३०. बेकरीवाल्याला दोन दिवस आधी सांगा. पहाटे पाचला ब्रेड हवा असेल तर त्याला भट्टी लवकर पेटवावी लागते. नाहीतर आदल्या रात्रीचा घ्यायचा हे मान्य करून मोकळे व्हा.

चुकतं ते मटकीत. उन्हाळ्यात बांधून ठेवली की १२ तासांत मोड येतात, जूनच्या गारठ्यात १८ ते २० लागतात. बुधवारच्या सकाळसाठी सोमवारी दुपारी भिजत घाला, रात्री उपसून बांधा, मंगळवारी संध्याकाळी मोड बघून फ्रिजमध्ये टाका, बुधवारी पहाटे ४ ला शिजवायला घ्या. मोड आलेली मटकी बाहेर तशीच राहिली तर पावसाळी दमट हवेत बुळबुळीत होऊन वास मारते आणि मग कितीही मसाला घाला, झाकत नाही.

शेव-चिवडा सादळतो. दोन-दोन किलोच्या पिशव्या बांधून घ्या, एक संपली की दुसरी फोडायची. मोठा डबा उघडा ठेवलात की शेवटच्या पन्नास प्लेटी मऊ.

पैसे आधी घ्या, टोकन द्या. संघ हरला की माणसं निम्मी खाऊन उठतात.

आणि त्या सकाळी मेनू एकच. पोहे, उप्पीट, शिरा बंद. पंचवीस मिनिटांत निवड करत बसणारं गिऱ्हाईक नको असतं.

दोन_कटिंग

चहाच्या गाड्यांसाठी. यंदा प्रत्येक हाफमध्ये साधारण बाविसाव्या मिनिटाला तीन मिनिटांची पाणी पिण्याची सुट्टी आहे. त्याशिवाय मधली सुट्टी १५ मिनिटांची. म्हणजे सामन्यात तीनदा उठाव. तीन मिनिटांत माणूस गाडीपर्यंत येऊन परत जाणार नाही, चहा हॉलच्या दारात पाहिजे. ओतलेल्या ग्लासांचे ट्रे विसाव्या मिनिटाला दाराशी तयार ठेवा. मधल्या सुट्टीत थर्मासमधून.

८० मिलिलिटरच्या १०० कटिंगला दूध साडेपाच लिटर, पाणी ४ लिटर, पावडर २५० ग्रॅम, साखर ८०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम. आटून ८ लिटर उरतो. थर्मासमध्ये भरायचा चहा गाळूनच भरा, पावडर आत राहिली की तासाभरात कडू. दीड तासाच्या वर ठेवू नका, रंग काळा पडतो. ३.३० च्या सामन्याला तर दूध आदल्या रात्रीचंच असणार, ते संध्याकाळी तापवून, गार करून फ्रिजमध्ये, नाहीतर आलं पडलं की फाटतं. आलं दुधात नको, पाण्यात उकळू द्या. ग्लास काचेचे असतील तर गाडीपाशी धुवायला एक माणूस जादा लागतो, तो हिशेबात धरा.

१२_नंबर_जर्सी

स्पोर्ट्सच्या दुकानाला एकच सांगणं, माल एका दमात भरू नका. ब्राझील २०१८ ला बेल्जियमकडून आणि २०२२ ला क्रोएशियाकडून क्वार्टर फायनललाच हरलं. जर्मनी दोन्ही वेळा गटातूनच घरी गेलं. संघ बाहेर पडला की त्या रात्रीपासून त्याची जर्सी कोणी हातात घेत नाही.

११ जूनआधी एकूण अंदाजाच्या निम्मा माल. त्यातला बराचसा अर्जेंटिना, मग पोर्तुगाल आणि ब्राझील. दुसरी खेप २९ जूननंतर, फक्त उरलेल्यांची, तीही सात दिवसांत पोचवणारा पुरवठादार असेल तर. फायनलच्या आठवड्यात नवीन काही मागवू नका. १४० ते १६० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) पॉलिस्टर, सब्लिमेशन छपाई, म्हणजे रंग कापडातच मुरतो. रबराचा नंबर दमट हवेत घडीला घडी चिकटून निघतो. लहान मुलांचे साइज कमी मागवायची सवय दुकानदारांना असते, पेठेत उलटं असतं : बाप एक घेतो, पोरांना दोन.

अधिकृत बोधचिन्ह, ब्रँडचा लोगो, ट्रॉफीचं चित्र असलेला नकली माल ठेवू नका, जप्त होतो. दुकानाच्या फ्लेक्सवरही तेच. ‘फिफा वर्ल्ड कपनिमित्त २० टक्के सूट’ आणि शेजारी मेस्सीचा फोटो, ही जाहिरात झाली. ‘फुटबॉलचा महिना’, निळे-पांढरे पट्टे, एक चेंडू, एवढ्यात गिऱ्हाइकाला सगळं कळतं.

परवाना_खिडकी

एक राहिलं. सामना संपल्यानंतरची वीस मिनिटं. २२ जूनचा सामना साधारण १२.३० ला सुटेल, हॉलमधली दीडशे पोरं एकदम गल्लीत. दोन दारं उघडी ठेवा, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि एक तरी पडद्याच्या मागे नसावं. दुचाक्या हॉलसमोर लावू दिल्यात की पन्नास गाड्या एकाच वेळी किक मारतात आणि रॅली आपोआप होते. पार्किंग दोन गल्ल्या सोडून ठेवा, माणूस चालत गेला की निम्मा जोर उतरतो. ज्या तालमीची पोरं दुसऱ्या संघाची आहेत त्यांच्या जाणत्या माणसांशी आधी बोलून घ्या, कोण कुठल्या रस्त्याने परतणार ते. जल्लोषाला शिवाजी चौकात जाणारच असतील तर सीपीआर रुग्णालयाच्या बाजूने नको, आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेली बुलेट आपल्या गल्लीतून निघणार नाही एवढं त्या पाच जणांनी लेखी द्यावं. अर्जात ती ओळ असली की पोलीस ठाण्यात पुढचं बोलणं फार सोपं जातं.